सहा माणसांची मोटरबोट

३ जून
आज फायनल करायचंच. एकीकडे वल्ह्यांची होडी, माणसं दोन. दुसरीकडे केबिनवाली मोटरबोट, माणसं सहा. लग्नाला यंदा पंचवीस वर्षं. जुलैभर साइमा तळ्यावरच्या आमच्या लाकडी घरात फक्त मी आणि मार्केत्ता. ती म्हणाली, "छोटीच घे रे. दोघंच तर आहोत." बायकोला मी ओळखतो. तोंडाने छोटी म्हणते, मनात मोठी असते.

५ जून
मोठी घेतली! मार्केत्ता बघत राहिली, एक शब्द नाही. भारावली असणार. रात्री जेवतानाही भारावलेलीच होती.

१७ जून
रेयोला, म्हणजे मेहुण्याला, फोटो पाठवला. जरा जळू दे. लगेच फोन. "दाजी, मानलं बुवा तुम्हाला! सहा माणसं? मग आलोच आम्ही." मी म्हटलं, "या की!" असं म्हणायची पद्धत असते. येतंय कोण!

२ जुलै
आले. हेलसिंकीहून रेयो, त्याची बायको पिर्को, दोन दांडगे मुलगे आणि सासूबाई. फार तर दोन दिवस राहतील. सासूबाईंनी स्वतःची उशी आणलीय.

३ जुलै
ते पाच आणि मी, झाले सहा. बोटीवरच्या पाटीप्रमाणे सातवा चालत नाही. मार्केत्ता म्हणाली, "तुम्ही जा, मी थांबते." केवढं मोठं मन! उद्या कुणाला तरी उतरवतो.

४ जुलै
कुणी उतरेना. मग मीच थांबतो म्हटलं. रेयो म्हणाला, "असं कसं दाजी? चालवणारे तुम्हीच!" बरं वाटलं. धक्का सुटेपर्यंत.

९ जुलै
सासूबाईंना वेग सोसत नाही, मुलांना हळू सोसत नाही. मधला वेग ठेवला, दोन्हीकडून बोलणी खाल्ली. उद्या स्पष्ट सांगणार. बस्स झालं.

१० जुलै
सकाळीच सासूबाईंनी दालचिनीचे गोड पाव केले. चार खाल्ले. भरल्या तोंडाने काय बोलणार?

१४ जुलै
सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत तरी शांतपणे घाम गाळावा म्हटलं. शेजारी रेयो. उद्या कुठल्या बेटावर जायचं, ते सांगत होता. दार त्याच्या बाजूला.

१९ जुलै
लग्नाचा वाढदिवस. ठाम ठरवून उठलो. मार्केत्ता धक्क्यावर कॉफी पीत बसली होती, पाय पाण्यात. म्हटलं, "चल. आज तू आणि मी. बाकीचे राहतील घरी."

ती हसली. रागावली असती तर परवडलं असतं. म्हणाली, "तेव्हा तुझ्याबरोबर जायचं होतं रे, खरंच. आता एकटीने राहायची गोडी लागली. आईला सांगितलंय, ऑगस्टभर राहा."

मागे बोटीत पाचही जण बसून तयार. मी दोर सोडला. मार्केत्ताने हात हलवला. मला चक्क रडू आलं.

रेयो म्हणाला, "दाजी, ताईसाठी हॉर्न वाजवा की!"

वाजवला.