रेकॉर्डना ऊन दाखवलं

४ मे, रविवार
विश्वासघात. दुसरा शब्द नाही.
तुळशीरामने सीडी प्लेअर घेतला. बावीस वर्षं दर रविवारी पाच वाजता हा माणूस माझ्या पडवीत येऊन रेकॉर्ड ऐकतो, आणि आज माझाच चहा पिता पिता सांगतो की माणगावातून सेकंडहँड प्लेअर आणला. माझ्याकडे आहे त्याच भीमपलासाची सीडीसुद्धा मिळाली म्हणे. कारण विचारलं. म्हणाला, तुझ्या रेकॉर्डी लय खरखर करतात रे, कानाला तरास व्हतो. खरखर हा रेकॉर्डचा आत्मा आहे, हे याला बावीस वर्षांत कळलं नाही.
वर म्हणतो, बैठक आता माझ्याकडं ठेवू. मी शांतपणे आव्हान दिलं. ११ला तुझी सीडी ऐकू, १८ला माझी रेकॉर्ड. जे सरस ठरेल त्याच्या घरी बैठक. कायमची.
बैठक गेली तर रविवारी पाच वाजता मी करायचं काय? पण तो प्रश्नच येत नाही.

५ मे, सोमवार
रेकॉर्ड तपासल्या. बुरशी. गेल्या पावसाळ्याची असावी. म्हणजे थोडीफार खरखर आत्म्याची नसून बुरशीची असू शकते. हे तुळशीरामला सांगायची गरज नाही.

११ मे, रविवार
सीडी ऐकली. डोळे मिटून. माझी पद्धतच ती. कोरडी! भाकरी आहे, कालवण नाही. स्वच्छ, पण जीव नाही. तसं तोंडावर सांगितलं. तुळशीराम म्हणाला, बरं.
बायको सोबत होती. घरी आल्यावर म्हणाली, ऐकताना मान डोलवत व्हता की. ते मानेचं जुनं दुखणं आहे.

१२ मे, सोमवार, दुपारी १२
सुचलं! अंगणात हिने कुरडया आणि आमसुलं वाळत घातली आहेत. आपण गाद्यांना ऊन दाखवतो, डाळींना दाखवतो, बरण्यांना दाखवतो. रेकॉर्डना आजवर कुणीच दाखवलं नाही. केवढा हलगर्जीपणा! जुन्या साडीवर छत्तीस रेकॉर्ड ओळीने मांडल्या. ही म्हणाली, पलास्टिक हाय ते, वाकंल. हिला संगीतातलं काही कळत नाही.

संध्याकाळी ६
बुरशी गेली. रेकॉर्ड किंचित वळल्या आहेत. म्हणजे, कडा वर आल्या आहेत. आमटी वाढता येईल इतपत. किरकोळ. भाताच्या दोन पोत्यांखाली दाबून ठेवल्या.

१७ मे, शनिवार
पोती काढली. बऱ्यापैकी सपाट. पाच तडकल्या, पण त्या तशाही ऐकण्यासारख्या नव्हत्या. भीमपलास शाबूत.
ही म्हणाली, उद्या तुम्ही मशीनला हात लावू नका, पडवीतच बसा. तशीही आत रेकॉर्ड हीच लावते. ऐकणाऱ्याने उठायचं नसतं, असा माझा नियम आहे. पण आज स्वतःहून म्हणाली. शेवटी महत्त्व पटलं.
दुपारी तुळशीराम भलीमोठी पिशवी घेऊन मागच्या दाराने आला होता. वहिनींना फणस द्यायला म्हणे. अपराधी वाटत असणार.

१८ मे, रविवार
विजय! निर्विवाद!
खरखर नावाला नाही, आणि ऊब मात्र तीच. सीडीवर ज्या जागा मेल्या होत्या त्या इथे जिवंत. डोळे मिटूनही कुणी सांगेल की ही रेकॉर्ड आहे. मी तर पहिल्या सुराला ओळखलं. तुळशीरामला विचारलं, कळला फरक? तो तोंडावर टॉवेल घेऊन बसला होता, खांदे हलत होते. माणूस हरला की रडू येतंच. म्हणाला, हरलो बाबा, बैठक तुझ्याकडंच. मी मोठ्या मनाने माफ केलं.
‘रेकॉर्डप्रेमी रायगड’ ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. विषय : ऊन-उपचार. अकरा मिनिटं. असं ज्ञान आपल्यापुरतं ठेवू नये.

२१ मे, बुधवार
पालीहून शिवदास नावाचा तरुण आला. ग्रुपवरचा, ओळख नव्हती. खांद्यावर गोणी. माझा मेसेज ऐकून त्याने वडिलांच्या बत्तीस रेकॉर्ड पत्र्यावर वाळत घातल्या. पत्र्यावर! हे मी सांगितलं नव्हतं. भांडला नाही. नुसतं म्हणाला, काका, बाबा गेल्यावर तेवढंच राहिलं व्हतं घरात.
मी धीर दिला. म्हटलं, आधी माझी भीमपलास ऐक, मग पोत्यांचं तंत्र सांगतो. हिला हाक मारली. आली नाही. तिसऱ्या हाकेला दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आता न्हाय जमायचं, या पोराचं वाटोळं झालं. त्या रेकॉर्डवर सुई टिकतच न्हाय, उडते. रविवारी वाजली ती भावोजींची सीडी. प्लेअर शनिवारी तेच घेऊन आले व्हते.
म्हणजे फणस नव्हता.
शिवदास माझ्याकडे बघत राहिला. मी कौलांकडे.

२२ मे, गुरुवार
तुळशीरामशी संबंध संपले. हिच्याशी अबोला. तरी सकाळी न राहवून विचारलं, का केलंत असं? म्हणाली, बैठक गेली असती तर रविवारी पाचला काय केलं असतं तुम्ही?
हे मी फक्त या वहीत लिहिलं होतं. म्हणजे वहीसुद्धा फितूर. आजपासून कपाटात, कुलपात. चावी हिच्याकडे असते.
या सगळ्यांना एक वेळ माफ करीन. पण कान? जन्मापासून सोबत आहेत. ऐन वेळी एका शब्दाने बोलले नाहीत.

२५ मे, रविवार
बैठक तुळशीरामकडे. जाणार नव्हतोच. ही एकटीच गेली. सव्वापाचला मीही गेलो.
माझी खुर्ची रिकामी ठेवली होती. शिवदास आला होता. वडिलांची गाणी सीडीवर शोधून द्यायचं तुळशीरामने कबूल केलं आहे. मी शिवदासची माफी मागणार होतो, पण त्यानेच आधी विचारलं, काका, रागावू नका, तुम्हाला रेकॉर्ड आणि सीडीतला फरक खरंच कळायचा का कधी?
उत्तर तयार होतं. निदान दहा मिनिटांचं.
नाही, म्हणालो.
आता हसतील म्हणून खाली बघून थांबलो. कुणी हसलं नाही. तुळशीराम उठला आणि त्याने आवाज थोडा वाढवला.