बर्फाची नाटकं

प्रिय उतावळ्या,

तुझं पत्र मिळालं, सोबतचे आलेखही मिळाले. आईला म्हटलं, तुझ्या जावयाचं पत्र आलंय. तिनं विचारलं, कुठल्या? मग तिच्याच लक्षात आलं की दोन मुली देऊनही पदरात जावई एकच पडलाय, आणि ती भाजी चिरायला आत निघून गेली. धाकटी बरी आहे ना? प्रयोगशाळेत तुझ्या हाताखाली ती छान रुळली, असं लिहिलंस. वाचून आनंद झाला, असं इथं लिहायची पद्धत आहे. मला नाही झाला.

खिडकीखालचं ते टेबल अजून आहे का रे? एका टोकाला गरम चंबू, त्यात आम्ल आणि अल्कोहोल, दोघांचं मिळून एस्टर लवकर व्हावं म्हणून वरून सल्फ्युरिक आम्लाचे चार थेंब. दुसऱ्या टोकाला ब्युरेटची मापाची नळी घेऊन तू. मी ठरल्या वेळी चंबूतून नमुना काढायचे आणि तू त्यात अल्कली सोडत गुलाबी रंगाची वाट बघायचास, म्हणजे आम्ल किती उरलं आणि एस्टर किती झालं ते कळायचं. वाट बघणं तुझ्या स्वभावात कधी नव्हतंच. नमुना तसाच टेबलावर ठेवून तू व्हरांड्यात गप्पा झोडायला पळायचास. म्हणून मी नमुन्याच्या बाटलीत आधीच बर्फाचा चुरा घालून ठेवायचे. तू चारचौघांत मला बर्फवाली म्हणायचास, पुरे तुझी बर्फाची नाटकं म्हणायचास. आकडे बिनचूक यायचे आणि सगळे तुझ्या हाताचं कौतुक करायचे. तुलाही ते खरं वाटायचं. तू मला इतका आवडायचास की मीही मान डोलवायचे.

धाकटी तुझ्याकडे निघाली तेव्हा तिनं विचारलं होतं, ताई, त्याचं काय काय सांभाळावं लागतं? शर्टांची इस्त्री आणि नाकावरचा राग, मी म्हटलं. बर्फाचं नाव काढलं नाही. माझा उभा संसार उचलून नेला, वर युक्त्याही मीच बांधून द्यायच्या की काय!

आता तुझे आलेख. नवा उत्प्रेरक निम्म्या वेळात काम उरकतो म्हणतोस, कारखान्याच्या मालकांना तसा शब्द देऊन बसलास, प्रयोगशाळेचं प्रमुखपद पणाला लावलंस. पण तुझी रेषा शून्यापासून निघतच नाही, हे दिसलं नाही तुला? पहिला नमुना तू उत्प्रेरक घातल्याघातल्या काढलास, आणि त्यातलं चौथाई आम्ल आधीच संपलेलं! तू त्याला चमत्कार म्हणतोस. अरे शहाण्या, चंबूबाहेर काढला म्हणून गरम नमुना थांबत नाही. तू गप्पा मारतोस तोवर त्यात एस्टर होतच राहतं. बर्फात गारठला तरच तो होता तिथं थबकतो. तू उत्प्रेरकाचा वेग म्हणून स्वतःच्या गप्पा मोजून ठेवल्यास. शेवटचे नमुने तेवढे माझ्या वेळच्या आकड्यांशी जुळतात, कारण तोवर व्हायचं ते सगळं होऊन गेलेलं असतं आणि उशिरानं काही बिघडत नाही.

मालकांसमोर मोठ्या टाकीवर प्रात्यक्षिक आहे, त्याआधी एकदा नजर घाल, चूक दिसली तर हक्कानं सांग, असं लिहिलंस. हक्कानं! म्हणून हे पत्र. कुणाला इजा व्हायची नाही, ते मी नीट तपासलं. फक्त तू सांगितलेल्या वेळेला टाकीतलं काम अर्धवट असेल आणि तू मालकांसमोर उभा असशील. प्रात्यक्षिक आज दुपारी आहे. फोन माझ्या हाताशीच आहे, पण मी हे साध्या टपालानंच पाठवते आहे. मालकांनी टाकीतले नमुने तपासायला बाहेरून बोलावलेल्या तपासनीस बाई माझ्या ओळखीच्या निघाल्या. त्यांना मात्र कालच फोन केला. येताना बर्फ घेऊन या, एवढंच सांगितलं.

तुझीच,
बर्फवाली