कुरुंद्याच्या परसातील ब्रह्मकमळांची व इतर नाजूक झाडांची व्यवस्था

लिहून ठेवणार : आफिफा युसूफ पठाण, वय एकोणतीस, अविवाहित, नोकरी, राहणार कुरुंदा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली.

माझी बुद्धी जागेवर आहे, ताप नाही, गुंगी आणणारे औषध अजून सुरू झालेले नाही आणि काय लिहायचे ते कोणी शेजारी बसून सांगत नाही. पुढच्या आठवड्यात नांदेडला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. धोका किती हे मी डॉक्टरांना टक्क्यांत विचारले आणि त्यांनी सांगितले. तो आकडा अम्मीला सांगितलेला नाही, म्हणून येथेही लिहीत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. आमच्या कायद्यानुसार, वारसांची संमती घेतली नाही तर, मला मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच आणि वारस नसलेल्यांनाच देता येते. बाकीचे माझी आई कमरजहाँ आणि धाकटा भाऊ अशफाक यांच्यात कायद्याने वाटले जाईल. बँकेतील शिल्लक त्यातच धरावी. खाली जे देत आहे ते एक तृतीयांशाच्या बरेच आत बसते.

२. घर अम्मीच्या नावावर आहे. त्यावर माझा हक्क नाही, फक्त एक विनंती आहे. परसातील पश्चिमेकडे तोंड असलेली दगडी भिंत पाडून अशफाकला मोटारसायकलसाठी पत्र्याचे शेड उभारायचे आहे. ती भिंत दुपारचे ऊन धरून ठेवते आणि रात्रभर सोडत राहते. पत्रा तसे करत नाही. उघड्या आभाळाखाली तो हवेपेक्षाही गार पडतो. हे मी त्याला समजावले तेव्हा तो म्हणाला, "आपा, गाडीला पण थंडी लागते." गाडीला गोणपाट पुरेल. भिंत निदान या हिवाळ्यात पाडू नये.

३. हत्यारे. मी वसमतच्या एका शीतगृहात शीतयंत्रांची तंत्रज्ञ आहे. तिथे हळदीची पोती थंड ठेवते आणि घरी येऊन झाडे उबेत ठेवते. दाबमापकांचा संच, वीजप्रवाह मोजायचे क्लॅम्प मीटर आणि तांब्याची नळी कापायचे कटर हे राधिका संतोष सवंडकर हिला द्यावे. ती माझ्या हाताखाली शिकते. दाबमापक तिने दोनदा मागितले होते. मी दिले नाहीत, कारण एकदा तिने ते तेलकट हातांनी तसेच पेटीत टाकले होते. ती आता पुसून ठेवते, हे मी पाहिले आहे. तिला तसे सांगितलेले नाही.

४. मी दुरुस्त केलेला कॉम्प्रेसर ज्यांनी मालकांना स्वतः दुरुस्त केला म्हणून दाखवला, त्या शीतगृहातल्या किशनरावांना मी काहीही देत नाही. विसरले असा त्यांचा समज होऊ नये म्हणून हे कलम.

५. आता झाडे. परसात ब्रह्मकमळाच्या कुंड्या आहेत, शिवाय अँथुरियम, क्रोटन आणि एक पानवेल. यांना आमच्याकडची थंडी सोसत नाही. कुरुंद्याला बर्फ पडत नाही, त्यामुळे लोकांना वाटते की इथे झाड थंडीने मरतच नाही. डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरला की ब्रह्मकमळाचे पान आधी लालसर होते, मग पाणी धरल्यासारखे मऊ पडते. मऊ पडलेले पान परत ताठ होत नाही.

पहिले झाड अब्बांचे होते. वारंगा फाट्यावर त्यांचे पंक्चरचे दुकान होते. एका ट्रकवाल्याने ओल्या फडक्यात गुंडाळलेले एक पान त्यांना दिले, आणि अब्बांनी ते जुन्या ऑइलच्या डब्यात लावले. ब्रह्मकमळ फुलले की आमच्या परसात शेजारच्या बायका हळदीकुंकू घेऊन यायच्या आणि अब्बा त्यांच्यासाठी सतरंजी टाकायचे. अब्बा वारले त्या वर्षी हिवाळ्यात मी प्रशिक्षणासाठी पुण्याला होते आणि अम्मी आजारी होती. झाडे मी शेजारच्या कौशल्याबाई मुंजाजी मगर यांच्यावर सोपवून गेले. परत आले तेव्हा अब्बांचे झाड बुडापासून कुजलेले होते. कौशल्याबाई थंडीत रोज सकाळी त्याला चुलीवरचे कोमट पाणी घालत होत्या.

"नातवाला थंडीत ऊन पानी देतो," त्या म्हणाल्या, "मंग झाडाला काहून न्हाई? ते बी लेकरूच हाय."

शेंड्याचे एक पान चांगले होते, ते कापून घेतले. आजच्या सगळ्या कुंड्या त्या पानाच्या आहेत. तेव्हापासून तीन वर्षे मी कौशल्याबाईंशी बोललेले नाही.

६. ही सर्व झाडे, कुंड्यांसह, माझ्या पश्चात कौशल्याबाई मुंजाजी मगर यांना द्यावीत.

अशफाक विचारेल म्हणून कारण लिहिते. अशफाकला सांगितले तर तो पहिले चार दिवस झाडे नीट झाकील, पाचव्या दिवशी मित्रांबरोबर वसमतला जाईल. अम्मीला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. कौशल्याबाईंनी त्या हिवाळ्यात एकही सकाळ चुकवली नव्हती. त्यांनी जे केले ते चूक होते, पण केले रोज. त्यांना काय करायचे ते बदलून सांगता येते.

७. थंडीपुरत्या सूचना :

कुंड्या जमिनीवर ठेवू नयेत, भिंतीला लागून फळीवर ठेवाव्यात. ऊन उतरले की जुन्या सुती लुगड्याने झाकाव्यात, वरून गोणपाट. प्लास्टिक वापरू नये. ते पानाला चिकटते आणि आतल्या बाजूने दव धरते. सकाळी ऊन वर आले की झाकण काढावे, नाहीतर आत कोंडमारा होतो. कुंडीतल्या मातीवर हळदीचा वाळलेला पाला पसरावा, पण देठापासून दूर. खत नाही. छाटणी नाही, खराब पान दिसले तरी थंडी सरेपर्यंत हात लावू नये. पाणी, माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी झाली तरच, तेही दुपारी, साधे. कोमट पाणी कोणत्याही परिस्थितीत नाही.

८. पुरवणी. सह्यांच्या आधी साक्षीदार उजैरभाई म्हणाले, जिला देता तिला मंजूर आहे का ते विचारून घ्या. अशफाक कौशल्याबाईंना घेऊन आला. कलम पाच ते सात त्यांना वाचून दाखवले. त्यात एक चूक निघाली. बोलणे साक्षीदारांनी ऐकले आहे, म्हणून झाले तसे लिहिते.

त्या म्हणाल्या, "पुन्ना सांग. झाडं माही कव्हापासून?"

"माझ्या पश्चात, मावशी."

"म्हंजी तू मेल्यावर."

"हो."

"आन् तू दवाखान्यात असशील तवर कोन झाकनार?"

मी तो विचार केला नव्हता.

"थंडी आज पडून राहिली. तू मरायची वाट पाहत बसंल व्हय ती?"

दुसरे साक्षीदार जळबाकाका हसले आणि मग हसू लपवायला खोकले. उजैरभाई म्हणाले, "मावशीचं बराबर आहे."

मी सांगितले की मृत्युपत्र हयातीत लागू होत नाही, कायदा तसा आहे.

"मंग कागदाला कशाला सांगतीस? मला सांग. तीन वर्सं मी कुंपनाच्या पल्याडच होते. कुठं गेले न्हवते."

मी म्हणाले, "मावशी, मी येईपर्यंत झाडे बघाल का?"

"पाहते. पानी न्हाई घालनार. थोडं बी न्हाई?"

"थोडेही नाही."

"माहा हात राहत न्हाई बग."

"माती बघायची. बोट घालून. कोरडी लागली तरच."

"बरं, बोट घालते."

त्यामुळे कलम सहा असे वाचावे : झाडांची देखभाल आज सायंकाळपासून कौशल्याबाईंकडे. माझ्या पश्चात झाडे त्यांची. मी बरी होऊन आले तर झाडे माझी, त्यांनी निवडलेली एक कुंडी सोडून.

यावर त्यांनी एक अट घातली. "झाडं तू सोता येऊन माघारी घे," त्या म्हणाल्या. "अशफाकला धाडलं तर देनार न्हाई."

ही अट मला मान्य आहे व ती कलम सहाचा भाग समजावी.

ठिकाण : कुरुंदा
दिनांक : १५ डिसेंबर २०२४

सही : आफिफा युसूफ पठाण

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वाचून सही केली :
१. उजैर खान, किराणा दुकानदार, कुरुंदा
२. जळबा सोनाजी इंगोले, शेतकरी, कुरुंदा

टीप : ज्यांना झाडे मिळायची त्या साक्षीदार नसाव्यात, म्हणून कौशल्याबाई मगर यांचा अंगठा घेतलेला नाही. सह्या होत असताना त्या जुने लुगडे घेऊन परसात होत्या. ऊन उतरले होते.