भिंतीवरचा तेलाचा डाग

३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस, अ. उ. आ.

भिंत घासली म्हणून तू आईला फोन करून रडलीस म्हणे. मला का नाही केलास? मी काय बहिरी झाले? अगं, अकरा दिवस तू माझ्या इस्त्रीच्या खोलीत तीन पायांवर कॅमेरा ठेवून उन्हाची वाट बघत बसलीस. गिऱ्हाइकांचे शर्ट घेऊन मी त्या तंगड्या ओलांडल्या, ब्र काढला नाही. शेवटी कळलं, फोटो कशाचा, तर माझ्या स्टुलामागच्या डागाचा! दोन शर्टांच्या मधे डोकं टेकते, त्याचं तेल लागून झालेला. तो तू चार लोकांत टांगणार. या घरात साबण येत नाही असं वाटेल त्यांना. सोडा लावून घासला आणि वर रंगाचे दोन हात मारले. उपकार मानायचे सोडून मुसमुसतेस काय?

प्रकृतीला जप, म्हणजे भांडायला बळ राहील.

तुझी आजी

९ फेब्रुवारी

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

फोन केला असता तर तोंडातून भलतंसलतं गेलं असतं. तुला वाटतं, तू घाण पुसलीस. चाळीस वर्षं तू त्या एका जागी डोकं टेकलंस, आजी. साडेचारला ऊन आलं की तो डाग आतून दिवा लावल्यासारखा दिसायचा. दहा दिवस ढग होते. अकराव्या दिवशी ऊन आलं, तर मधे तुझी सावली. बाराव्या दिवशी येऊन बघते तर ओला रंग! कॉलेजच्या प्रदर्शनात माझी एक चौकट रिकामीच टांगलीय. खाली ‘आजीची कृपा’ लिहिणार होते, मॅडमनी अडवलं.

त्या खोलीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही. लोभ असू दे, पण लांबूनच.

तुझी नात

२ मार्च

चि. ढब्बूस, अ. उ. आ.

लांबूनचा लोभ कुठल्या शाळेत शिकवतात? मी दुसरीत शाळा सोडली ते बरंच झालं. तुझी रिकामी चौकट मी आईबरोबर येऊन बघून गेले. तू चहाला गेली होतीस. गंजका नळ बघितला, आमच्या जिन्याची झिजलेली पायरी बघितली. पायरी बरी आलीय. रोज तिच्यावर पाय देते, पण बघितली नव्हती कधी.

आता ऐक. मधे माझी सावली आली म्हणतेस. अकराही दिवस मी धुतलेले कपडे घालून, वेणी घालून त्या स्टुलावर बसले होते. मला वाटलं, फोटो माझा. आणि तू रोज साडेचारला म्हणायचीस, आजी, जरा बाजूला हो. डाग हवा आणि डागवाली नको? म्हणून घासला. लोकांचं मी आपलं उगीच लिहिलं.

नव्या रंगावरही डोकं टेकतेच, सवय जात नाही. नखाएवढा पिवळा ठिपका धरलाय. तुला हवा तेवढा व्हायला अजून चाळीस वर्षं लागतील, आणि मला तेवढी फुरसत नाही. हल्ली ऊन रोज येतं. मी स्टुलावर असेन. या खेपेला बाजूला होणार नाही.

लोभ असो नसो, कॅमेरा आण.

तुझी आजी