तोतारामला सांभाळून घेणे

धरणगाव,
ऑगस्ट १९८८

चि. अभिमन यास काकाचे पोटभर आशीर्वाद. तुझ्या आईचे आशीर्वाद मी माझ्यातच धरणार होतो, पण वहिनी समोरच कोथिंबीर निवडत बसल्या आहेत आणि त्यांचं म्हणणं पडलं की माझे वेगळे लिहा. तेव्हा त्यांचेही आशीर्वाद, वेगळे आणि माझ्याहून थोडे जास्त. इकडे सगळे धडधाकट आहेत (माझे गुडघे सोडून). गाय व्यायली, कालवड झाली. पाऊस वेळेवर आहे, कपाशी चांगली उठली आहे. आता तुझी तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, पण उत्तर मला पाठ आहे. "मी मजेत आहे. आपण सर्व मजेत असाल. अभ्यास चालू आहे." तुझे नाना, माझे थोरले बंधू, गेले त्याला आता दीड वर्ष होत आलं, आणि तेव्हापासून तुझं प्रत्येक पत्र असंच येतं. आधी तुझं पत्र आलं की सगळी गल्ली ओट्यावर जमायची, बर्फ कसा पडतो, तुझा खोलीवाला चिनी पोरगा भात कसा खातो, सगळं तू रंगवून लिहायचास. आता पोस्टमन सायकलवर टांग टाकतो न टाकतो तोच पत्र वाचून झालेलं असतं. वहिनी मात्र पाकिटात दोन बोटं घालून बघतात, आत काही राहिलं असेल म्हणून. आम्हां दोघांना तुझी फार काळजी वाटते, अभिमन. असो. हा आजचा विषय नाही. आजचा विषय तोताराम.

शेजारच्या बेबाबाईचा तोताराम तुला सांगायला नको. तुझी जुनी सायकल त्यानेच चालवली, तुझी जुनी पुस्तकं त्यानेच झिजवली, आणि आता तुझ्याच विद्यापीठात एम. एस. करायला येतो आहे. हे पत्र तोच तुझ्या हातात देईल. पोरगं अभ्यासात हुशार, त्याबद्दल वाद नाही, पण व्यवहारात अगदी भोळा सांब. अशा पोराला परक्या मुलखात पाठवायचं म्हणजे तयारी हवी. मी तुला विचारलं होतं की काय काय तयारी करावी, तुला तिथला दोन वर्षांचा अनुभव आहे. तुझं उत्तर आलं, "गरम कपडे द्यावेत. मी मजेत आहे." तेव्हा पुढची सगळी तयारी आम्हांला आमच्या अकलेने करावी लागली, आणि त्यातून जे काही घडलं त्याची अर्धी जबाबदारी मी तुझ्यावर टाकतो.

गावात अमेरिकेची माहिती असलेला माणूस म्हणजे भटू फोटोवाला. (तो स्वतः नाशिकच्या पुढे गेलेला नाही. पण पासपोर्टचे सगळे फोटो तोच काढतो, त्यामुळे परदेशाच्या बाबतीत त्याचा शब्द गावात प्रमाण मानतात.) भटूने सांगितलं की अमेरिकेत प्रत्येक गोष्टीला थँक्यू म्हणावं लागतं, पाणी दिलं तरी थँक्यू आणि नाही दिलं तरी थँक्यू. म्हणून मी तोतारामला हुकूम केला की निघेपर्यंत गावात जो काही देईल त्याला आभार मानायचे, म्हणजे जिभेला वळण लागेल. पहिल्याच दिवशी झुंबरबाईने भाजीवर नेहमीप्रमाणे मूठभर मिरच्या वरून टाकल्या आणि हा म्हणाला, "आभारी आहे, मावशी." झुंबरबाईने पाटी खाली ठेवली. "काय रे भाऊ, मी काय परकी शे का? कोणी शिकाडं तुले हाई?" तिने त्याला काही केल्या सोडलं नाही, शेवटी त्याने माझं नाव सांगितलं. ती तडक आपल्या ओट्यावर आली आणि मला जे बोलली ते मी लिहीत नाही. तेव्हापासून आपल्याकडे भाजी चौकातून आणावी लागते आणि ती महाग पडते.

भटूने आणखी एक सांगितलं. तिथे रस्त्यात भेटलेला माणूस "कसं काय" असं विचारतो, पण उत्तरासाठी थांबत नाही. आपणही "छान" म्हणून पुढे चालायचं, खरं सांगायचं नसतं. हे मला फार चमत्कारिक वाटलं. आपल्याकडे कोणी "कसा शे?" म्हटलं की माणूस सायकलवरून उतरतो, सायकल झाडाला लावतो आणि बैलाच्या खुरापासून सासऱ्याच्या खोकल्यापर्यंत बठ्ठं सांगतो. तोताराम ओट्यावरून "छान, छान" म्हणायचा सराव करत होता, तेव्हा वहिनी आतून म्हणाल्या, "अभिमन पन आसंच लिखस." मी सराव तिथेच बंद केला.

आता गरम कपडे. तुझा सल्ला शिरसावंद्य. प्रमिलाबाईने स्वेटर विणून दिला (गळा जरा मोठा झाला आहे, दोन डोकी जातील), आणि कौतिक टेलरने माझ्या ड्यूटीच्या जाड कांबळ्यातून कोट शिवून दिला. तुला ठाऊकच आहे, मी जन्मभर एस. टी. स्टँडवर कंट्रोलर होतो. गाडी तपासल्याशिवाय मार्गावर सोडायची नाही ही माझी सवय. मग कोट न तपासता पोरगं कसं सोडू? पण धरणगावात ऑगस्टमध्ये थंडी आणायची कुठून? विचार करता करता मला जळगावचा बर्फाचा कारखाना आठवला. मालक गिरधरशेट ओळखीचे. त्यांना म्हटलं, आमच्या पोराला तासभर आत बसवायचंय, अमेरिकेची सवय व्हावी म्हणून. शेटजी आधी हसले, मग मी हसत नाही हे बघून गंभीर झाले आणि त्यांनी बर्फ साठवायच्या खोलीचं दार उघडून दिलं. तोताराम कोट-स्वेटर घालून लाद्यांच्या मध्ये स्टुलावर बसला. पोरगं एकटं आत कसं ठेवायचं म्हणून मीही बसलो. मी धोतर-सदऱ्यात होतो. तोताराम म्हणाला, "काका, तुम्ही बाहेर बसा." मी म्हटलं, गप, तू अमेरिकेचा विचार कर. निम्मा वेळ झाला नसेल, माझे दात वाजायला लागले. शेवटी त्याने स्वतःचा कोट काढून माझ्या अंगावर घातला आणि मला धरून बाहेर आणलं. कोट उत्तम आहे, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. माझा घसा मात्र तेव्हापासून जो बसला आहे तो बसलाच आहे, म्हणून तर इतकं सविस्तर लिहायला सवड मिळाली.

मग आलं दही. लांब निघालेल्या माणसाच्या हातावर दही घालायचं, ही आपली रीत. पण ती एका घराची. आपल्या गल्लीतून अमेरिकेला जाणारा तोताराम दुसराच (पहिला तू), त्यामुळे प्रत्येक घराने आपापलं दही लावलं. पोरगं पाया पडायला गल्लीच्या एका टोकाने शिरलं आणि दुसऱ्या टोकाला पोटाला हात लावून बाहेर पडलं. कोणाला नाही म्हणता येत नाही त्याला. परवाचं जाणं त्यामुळे आजवर आलं. गाडी उशिरा सोडावी लागल्याची माझ्या नोकरीत फारशी उदाहरणं नाहीत.

आणि सामान. कुरडया, बिबड्या, केळीचे वेफर्स, कळण्याचं पीठ, लसणाची चटणी, हे सगळं मी समजू शकतो. पण वहिनींनी भरताची हिरवी वांगी घातली. आता हा चातुर्मास. वहिनी स्वतः वांग्याला शिवत नाहीत हे तुला माहीत आहे. या दिवसांत ही वांगी मिळतही नाहीत, पण त्यांनी कुठल्या कुठल्या ओळखीतून मागवली. मी म्हटलं, चातुर्मासात हे चालतं का? तर म्हणाल्या, "मना पोऱ्यानी दोन वरीस भरीत खादं नही. देवनं नि मनं मी देखी लिसू." देवाचं त्या बघून घेणार म्हटल्यावर तो मुद्दा मी सोडला. पण भटू म्हणाला की अमेरिकेत ताजी भाजी विमानातून उतरू देत नाहीत. मी वांगी काढली, त्यांनी घातली, मी काढली, त्यांनी पुन्हा घातली. शेवटी तडजोड झाली. वांगी घरीच राहिली, पण वांगी भाजायला कपाशीच्या वाळक्या काड्यांची एक जुडी जाते आहे, कारण गॅसवरचं भरीत म्हणजे भरीतच नव्हे असं वहिनींचं मत आहे (आणि ते खरंही आहे). वांगी तू तिकडची घे. कशी असतात देव जाणे.

तर आता तोतारामला तिकडे रुळवायची जबाबदारी तुझी. नीट वाच आणि टाळाटाळ करू नकोस. त्याला एकट्याला जेवू देऊ नकोस. एकटा माणूस भांड्यातूनच उभ्या उभ्या खातो आणि मग खाणंच सोडून देतो. रोज एक वेळ तरी समोर ताट मांडून बस. आठवड्यातून एकदा त्याच्याशी आपल्या बोलीत पोटभर बोल, नाहीतर माणसाचा आवाज आतल्या आत गंजतो. कॉलेजला सुट्टी लागून सगळे आपापल्या घरी गेले की त्याला खोलीत कोंडून घेऊ देऊ नकोस, बर्फ असला तरी बाहेर काढ, कोट भक्कम आहे. भिंतीकडे बघत बसलेला दिसला तर शेजारी जाऊन बस, काही विचारू नकोस, नुसता बस. आणि तो "मी मजेत आहे" म्हणाला तर अजिबात विश्वास ठेवू नकोस. बेबाबाईचं हे एकुलतं एक लेकरू. काल ती मला म्हणाली, "मी त्याले अमेरिकाले नही धाडी ऱ्हायनू. अभिमनकडे धाडी ऱ्हायनू." ही लाज राख.

बाकी सर्व ठीक. वहिनींची कोथिंबीर निवडून संपली, तरी त्या उठत नाहीत, म्हणजे मी पत्रात काय लिहिलं ते मला त्यांना वाचून दाखवावं लागणार आहे. घसा बसला आहे हे त्या ऐकून घेणार नाहीत.

तुझा काका,
भाईदास

ता. क. : हे मुंबईच्या विमानतळावर खुर्चीवर बसून लिहितो आहे. काट्यावर बॅग जड भरली. काउंटरवरच्या बाईंनी उघडायला लावली आणि काड्यांची जुडी वर धरून विचारलं, हे काय? मी बसलेल्या घशाने भरीत कसं करतात ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. मागची रांग वाढत गेली. तेवढ्यात तोतारामने फाड फाड इंग्रजीत चार वाक्यं टाकली, बाई हसल्या, काड्या बॅगेत परत गेल्या आणि मला बसायला खुर्चीही मिळाली. तेव्हा हे मान्य करायला हवं की पोरगं भोळं वगैरे अजिबात नाही. पाचवीपासून वसतिगृहात वाढलेला आहे, चार माणसांचा स्वयंपाक एकट्याने करतो, आणि बर्फाच्या कारखान्यात बसून त्याला साधी शिंकसुद्धा आली नाही. त्याला कोणी सांभाळायची गरज नाही.

ता. क. २ : वर ज्या सूचना तुला केल्या आहेत, त्या सगळ्या तशाच्या तशा मी तोतारामलाही केल्या आहेत, तुझ्याबद्दल. ताट मांडून बसायचं, बोलायचं, बाहेर काढायचं. तो काही करायला आला तर त्याला झिडकारू नकोस, एवढीच विनंती. बेबाबाईलाही हे ठाऊक आहे. तिने एकुलता एक पोरगा कशासाठी इतक्या लांब पाठवायला हो म्हटलं, हे तू कधी तरी तिला पत्र लिहून विचार.

ता. क. ३ : तोताराम फॉर्म भरायला गेला आहे तोवर लिहितो. नाना धुळ्याच्या दवाखान्यात होते तेव्हा हा तिथेच कॉलेजात शिकत होता, हे तुला कळवलं होतं. कळवलं नाही ते असं, की शेवटचे सगळे दिवस नानांजवळ तोच होता. आम्ही डबे घेऊन जात-येत होतो, पण उशाशी तो. नानांची दाढी तो करायचा, तुझी जुनी पत्रं मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि त्या चिनी पोराच्या भाताला नाना दर वेळी हसायचे. तार तुझ्या हातात पडून तू तिकिटाची खटपट करेपर्यंत इकडे तेरावं होऊन गेलं, आणि तेव्हापासून तू मनात काय धरून बसला आहेस ते आम्हांला न लिहिताही कळतं, बाबा. तू त्याला नानांबद्दल विचार. पहिल्याच दिवशी नको, आधी दोघं जेवा. मग विचार. रडू आलं तर रड, त्याच्यासमोर लाजू नकोस. नाना तुझ्यावर रुसून गेले नाहीत, अभिमन, तुझं नाव काढत आनंदात गेले. हे मी लिहिलं तर तू म्हणणार, काका समजूत घालतोय. म्हणून माणूस पाठवतो आहे.