मडमेची काडतुसं

शेणवे, ता. शहापूर
११ एप्रिल १९४३

तीर्थरूप आप्पांस,

तुमच्या वत्सलेचा साष्टांग नमस्कार. आईस नमस्कार. नथूदादाला नमस्कारासोबत एक चिमटाही द्या, गेल्या खेपेला माझी आंबोशी पळवल्याबद्दल. इकडे आम्ही तिघं खुशाल. सासूबाईंचा गुडघा तेवढा खुशाल नाही. तो त्यांच्यापेक्षा जास्त कुरकुरतो.

तुमचं पत्र पोचलं. आखितीच्या सणाला नथूदादाला गाडी देऊन पाठवतो, आवरून कायमची मुरबाडला ये, असं तुम्ही लिहिलंत. त्याचं उत्तर सवडीनं लिहीन. पण त्याच पत्रात पुढं म्हणता, "बियाणंसुद्धा उंदीर खातात म्हणतेस, मग तिथं राहून पेरणार तरी काय?" तेवढ्याचं उत्तर मात्र आजच देते, नाहीतर माझं पोट फुगेल.

आप्पा, आमच्या घरात बंदूक चालली!

मागं लिहिलंच होतं की बियाण्याच्या भाताचे पेंढ्यात बांधलेले मुडे माळ्यावर आहेत. लष्करात मोटार हाकायला जाण्याआधी ह्यांनी शेतात फिरून एकेक लोंबी निवडून जमवलेलं हे बी. दोन वर्षं आम्ही तेच वाढवत आलो. यंदा उंदरांना त्याचा वास लागला. उंदीर कसले, घुशीच त्या. पिंजऱ्यात एक सापडला की बाकीचे शहाणे होतात. विष ठेवावं तर आधी मांजर मरेल. तसं जिवंत राहूनही ते चुलीपाशी झोपा काढण्यापलीकडं काही करत नाही म्हणा. शेजारचा विठू म्हणाला, माझी ठासणीची बंदूक आणतो. मामंजींनी त्याला हात जोडले. माळ्यावर तो बार टाकला तर उंदरांआधी आमचं छप्पर जाईल!

मामंजींची स्वतःची बंदूक आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. उंबरमाळीला रेल्वेच्या साहेबाकडं ते राखणदार होते. साहेब विलायतेला जाताना आपली बावीस नंबरची बारीक बंदूक यांना देऊन गेला, आणि रीतसर परवाना काढून दिला. पण तिची गोळी बारीक असली तरी कौल फोडून आभाळात जाते. पावसाच्या तोंडावर या लढाईच्या दिवसांत कौलं कुठून आणायची?

तर परवा मामंजी पेटी उपसत बसले होते. तळाशी बिस्किटाचा डबा निघाला. उघडला नि काय सांगू, म्हातारा लहान मुलासारखा हसायला लागला.

"पोरी, ही मडमेची काडतुसं! तिच्या बागेत साप निघायचे, म्हनून साहेबानं आनलेली. यांत गोळी नाय गो, छर्रं हायत. कौलाला लागलं तर टिकटिक वाजंल, फुटायचं नाय."

आप्पा, इतकी देखणी वस्तू मी पाहिली नव्हती. करंगळीच्या पेराएवढं पितळी काडतूस. पुढं शिशाची गोळी नाही. मोदकाला कळ्या पाडून तोंड मिटवतात, तसं पितळ मुरडून मिटवलेलं. आत राजगिऱ्याच्या दाण्याएवढे छर्रे. बंदुकीचा काटा काडतुसाच्या बुडाला मधोमध नाही, कडेवर आपटतो, आणि तिथंच दारू पेटते. नळीला आतून आटे असल्यामुळे छर्रे गरगरत बाहेर पडतात आणि लगेच फाकतात. म्हणून लांबून मारून उपयोग नाही. माळ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, बस्स.

भर दुपारी शिडी लावली. काचेच्या कौलातून उजेड पडला होता. आढ्यावर एक बोका बसावा तसा उंदीर बसला होता, मिशा हलवत. बार झाला. फारसा आवाजही नाही, ओलं लाकूड चुलीत फुटावं तेवढाच. आणि धप्! उंदीर खाली, कौलं शाबूत!

सासूबाईंनी आधी गणपतीपुढं नाक घासलं, "तुझं वाहन मारलं बाबा, पन तूच सांग, त्यानं आमचं बी का खावं?" आणि मग मेलेल्या उंदराला अशा काही शिव्या दिल्या की त्या इथं लिहिता येत नाहीत.

बाकी उत्तर पुढच्या पत्री.

तुमची लाडकी,
वत्सला

---

शेणवे,
२ मे १९४३

तीर्थरूप आप्पांस साष्टांग नमस्कार.

उगाच नाही तुम्ही मास्तर. "नवसूबुवा व्याह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हातांना कंप. मग बार टाकला कोणी?" एवढ्या एका ओळीचं पत्र! मी मुद्दामच कोणाचं नाव लिहिलं नव्हतं, आणि तुम्ही नेमकं तिथंच बोट ठेवलंत.

मी टाकला, आप्पा. पहिला मी टाकला, आणि नंतरचेही सगळे मीच. मामंजी शिडीपाशी उभे राहून काडतूस भरून देतात, नळी पुसून देतात आणि खालून हळूच सांगतात, "दम धर. दम धर. आता." बंदूक त्यांची, परवाना त्यांचा, घर त्यांचं, डोळा फक्त माझा. रागावू नका. आणि रागावलात तरी आधी हे सांगा, तुमच्या शाळेतल्या कोणाला पळता उंदीर मारता येतो?

मला बंदूक आवडली. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगते. दस्ता खांद्याला लावला की घरातले सगळे आवाज मागं पडतात. विठूची बायको पाणवठ्यावर म्हणाली, "नवरा लढाईवर नि बायको माळ्यावर!" मी म्हटलं, "तुझे उंदीर पाठव, तेही मारते."

पण आता खरी गंमत ऐका. गंमत कसली, जीव जायची वेळ आली होती.

पाच-सहा उंदीर पडल्यावर सासूबाईंना त्या काडतुसांचं फार कौतुक वाटायला लागलं. एवढी गुणाची वस्तू, वर्षभर टिकायला नको? मग त्यांनी काय केलं असेल? तुरीच्या डाळीला कीड लागू नये म्हणून आपण जे करतो तेच! डबा परातीत उपडा केला, एरंडेल घेतलं आणि काडतुसं चांगली चोळून चोळून, ऊन दाखवून, पुन्हा डब्यात भरली. आणि आम्हाला सांगितलंही नाही. चांगलं काम सांगायचं कशाला!

दुसऱ्या दिवशी मी शिडीवर. नेम धरला, घोडा ओढला. टक्. बार नाही. दुसरं काडतूस, टक्. उंदीर माझ्याकडं बघत बसला. तिसरंही टक् झालं, म्हणून मी वैतागून नळी खाली केली. मामंजी खालून ओरडले, "खाली नको! भिंतीकडं धर, भिंतीकडं!" त्यांचं बोलणं संपायच्या आत बार उडाला. उशिरा पेटलं होतं मेलं. सगळे छर्रे कोनाड्यातल्या मिठाच्या मडक्यात. मडकं फुटलं, मीठ ओट्यावर, मांजर प्रथमच या घरात धावलं. मामंजी तिथून हातभर अंतरावर होते. शिडी उतरताना मला सासूबाईंनी धरलं.

मग मामंजींनी काडतूस हातात घेतलं, हुंगलं, आणि एकच शब्द बोलले, "एरंडेल."

मुरडलेल्या कळ्यांतून तेल आत झिरपलं होतं. दारू भिजून लगदा झालेली. सासूबाईंना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्या ओट्यावर बसल्या आणि डोक्याला पदर घेऊन रडल्या, आप्पा. त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. ह्यांचं पत्र यायचं बंद झालं तेव्हासुद्धा त्या रडल्या नव्हत्या. "माज्या वाळूनं एकेक लोंबी निवडलेली," म्हणाल्या, "नि मीच उंदराच्या तोंडात दिली." मामंजी जन्मात कधी बायकोशी गोड बोलले नसतील. त्यांनी तिच्याजवळ बसून फुटक्या मडक्यातलं मीठ गोळा करायला घेतलं.

नवी काडतुसं या दिवसांत मिळायची नाहीत. मूठभर तेवढी वाचलीत, मामंजींच्या जुन्या बंडीच्या खिशात राहिली होती म्हणून. उंदीर मात्र रोज वाढतात. एक मुडा पार पोकळ झाला. उचलला तर हातात नुसता पेंढा आला.

म्हणून विनंती, आखितीला गाडी नको. मृगापर्यंत थांबा. रोपांसाठी राब भाजून तयार आहेत. बी वाचलं तर पेरणी करून घेऊ द्या. नाही वाचलं तर तुमचंच म्हणणं खरं, मला इथं राहायला तोंड उरणार नाही. मग मी स्वतः निरोप पाठवीन.

तुमची,
वत्सला

---

शेणवे,
६ जून १९४३

तीर्थरूप आप्पांस,

साष्टांग नमस्कार, आणि आधी पेढे समजून गूळ खा! वाचलं! बी वाचलं! अर्ध्याहून जास्त वाचलं, आणि काल पेरलंसुद्धा!

कसं ते सांगते. काडतुसं मूठभर, उंदीर बख्खळ. एका बाराला एक उंदीर हा हिशेब परवडणारा नव्हता. मी डोकं धरून बसले होते. मामंजी म्हणाले, "छर्रं फाकतात ना गो? मग फाकू दे की. उंदरांनाच एका जागी बशीव." बोलायला सोपं! उंदीर काय शाळेतली पोरं आहेत, बसा म्हटलं की बसायला?

पण हे ऐकून सासूबाई उठल्या. एरंडेलापासून त्या गप्प गप्पच असायच्या. त्यांनी सुके बोंबील काढले, निखाऱ्यावर भाजले, गुळाबरोबर कुटले, आणि त्याचा असा घमघमाट सुटला की मीच एक तुकडा खाल्ला. मग आम्ही उरलेले सगळे मुडे खाली ओटीवर आणले. विठू आणि त्याची बायकोही आली मदतीला, तीच ती पाणवठ्यावरची. माळा रिकामा केला. काचेच्या कौलाच्या बरोबर खाली, उजेडात, एक सूप ठेवलं आणि त्यात बोंबलाचा तो चिवडा. दोन दिवस कोणी वर गेलं नाही. खाऊ दिलं. हावरेपणा अंगात मुरू दिला.

तिसऱ्या दुपारी मी शिडीवर. आप्पा, सूप दिसेना! नुसत्या पाठी आणि शेपट्या, एकमेकांना ढकलतायत, पंगतीला उशीर झाल्यासारखे. मामंजी खालून, "दम धर. दम धर." मी दस्ता खांद्याला घट्ट लावला.

"आता."

एका बारात चार की पाच! बाकीचे सैरावैरा. आणि थोड्या वेळानं पुन्हा आले, इतका त्या बोंबलाचा मोह! असं चार दिवस चाललं. शेवटचं काडतूस मी मुद्दाम आढ्यावर बसणाऱ्या एका जाड्याला मारलं. तो पडला तेव्हा मी शिडीवरून ओरडले. घरंदाज सुनेनं ओरडू नये तशी ओरडले. मामंजींनी टाळी वाजवली.

एका मुड्यात थोडे छर्रे सापडले. सासूबाईंनी सगळं बी पाखडून, सुपाच्या टोकाशी एकेक छर्रा वेचून काढला. "माज्या हाताचं पाप माज्याच हातानं," म्हणाल्या. मी म्हटलं, पाप कसलं, तुमच्या बोंबलानंच तर जिंकलं. तेव्हा हसल्या. एरंडेलानंतर पहिल्यांदा.

काल पेरणी. आता तुम्हाला लिहायचं ते लिहिते. दोन पत्रं झाली टाळते आहे.

राबावर बियाण्याची पहिली मूठ घरच्या कर्त्या पुरुषानं टाकायची, ही इथली रीत. ह्यांच्या मागं दोन वर्षं मामंजी टाकायचे. काल टोपली घेऊन आम्ही गेलो, मामंजी पुढं झाले, तर सासूबाईंनी त्यांचा हात धरला. टोपलीत हात घातला, मूठ भरली आणि माझ्या हातावर ओतली.

मी मागं सरले. म्हटलं, "मी कशी टाकू? हे यायचेत."

"वाळू आला तर त्याचा हात हायेच," त्या म्हणाल्या. "नाय आला तरी शेत हाय, नि तू हायस. पेर गो."

आप्पा, वर्षभर या घरात ते वाक्य कोणी तोंडातून काढलं नव्हतं. 'नाय आला तरी.' त्या आईनं ते म्हटलं, उभ्यानं, डोळे कोरडे ठेवून. मी मूठ टाकली. मग तिथंच बांधावर बसून मी रडले, पोटभर, आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग आम्ही उठलो आणि उरलेली पेरणी केली. सांगायचं तर, रडून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी पेरताना गाणं म्हटलं. बेसूर. मामंजी म्हणाले, आता पाखरंसुद्धा यायची नाहीत.

तुम्हाला वाटतं, मी ह्यांची वाट पाहत इथं अडकून पडले आहे. सुरुवातीला तसंच होतं. आता नाही. ते आले तर मी धावत वेशीवर जाईन, लोक हसले तरी. पण ते येवोत न येवोत, मी इथं राहणार, कारण इथं मला राहायचं आहे. माझ्या डोळ्यानं या घरचं बी वाचलं, आणि माझ्या हातानं ते पेरलं गेलं. तुम्ही माझ्यावर माया करता म्हणून घर देऊ करता, हे मी जाणते. तुमच्या घरी मी लाडकी लेक होईन. इथं माझ्यावाचून अडतं. मला ते हवं आहे, आप्पा. मला ते फार हवं आहे.

रागवाल तर रागवा. पण रागातसुद्धा या. आईला घेऊन या, भात पोटरीला येऊन लोंब्या फुटू लागल्या की या, आणि माझं शेत बघा. नथूदादाला गाडी देऊन पाठवायचं तर जरूर पाठवा. फक्त गाडी रिकामी आणू नका, आणि माझी जागा मात्र रिकामीच ठेवून परत न्यायची तयारी ठेवा.

तुमचीच,
पण शेणव्याची,
वत्सला