देह रचना विभागास, पोट क्रिया विभागास

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेली शरीरक्रियाशास्त्राची प्राध्यापिका, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. नाडी मात्र नेहमीपेक्षा जलद आहे. त्याचे कारण पुढे येईल. मला कोणी भरीस घातलेले नाही. याआधी केलेले मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. वकील म्हणाले की रद्द करण्याचे कारण लिहावे लागत नाही. पण कारण दिल्याशिवाय काही सांगण्याची मला सवय नाही.

१. राहते घर, आतल्या सामानासह, माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. भाऊ म्हणतो, "ती तशीही तिथेच राहते, लिहून कशाला द्यायला हवं?" त्याने असे म्हटले म्हणूनच लिहून देत आहे.

२. माझा स्टेथोस्कोप भाचीला. ती हिशेबनीस आहे, तिला त्याचा उपयोग नाही हे मला कळते. लहानपणी तो कानाला लावून ती स्वतःचे हृदय ऐकत बसायची आणि परत मागितला की रुसायची. तिच्या लग्नाला मी गेले नाही. गुडघे दुखतात असे कळवले होते. गुडघे ठणठणीत होते.

३. आता आजाराबद्दल. मला गुदाशयाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया माझ्याच एका विद्यार्थ्याने केली. खालची वाट कायमची बंद झाली आणि पोटावर, डाव्या बाजूला, आतड्याचे तोंड बाहेर काढले गेले. त्यावर पिशवी. हेच चित्र मी वर्गात फळ्यावर लाल खडूने काढत असे आणि म्हणत असे, "मुलांनो, शरीराला लाज नसते, ती आपण त्याला शिकवतो." वाक्य चांगले होते. मुले वहीत उतरवून घेत.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा काय केले असेल, तर न्हाणीघराच्या दाराला आतून आणखी एक कडी बसवून घेतली. बहीण बाहेरून विचारायची, "ताई, काही हवंय का?" मी म्हणायची, "काही नको." एकदा विभागातल्या एका निरोपसमारंभाला गेले. भाषण चालू असताना पोटावरच्या त्या तोंडातून मोठा आवाज झाला. तिथे थोपवून धरणारा स्नायू नसतो, त्यामुळे हवा निघायची तेव्हा निघते. बोलणारे थांबले. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी खुर्ची थोडीशी सरकवली, अगदी थोडीशी. सगळे शरीर कसे चालते हे शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि त्या थोड्याशा सरकण्याने मी मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही. त्याच आठवड्यात पहिले मृत्युपत्र केले. त्यात माझा देह लांबच्या एका महाविद्यालयाला दिला होता, जिथे मला ओळखणारे कोणी नाही.

ते रद्द करण्याचे कारण असे. गेल्या महिन्यात तोच सर्जन घरी आला. त्याच्याकडे एक ट्रकचालक दाखल होता, माझाच आजार, आणि तो शस्त्रक्रियेला काही केल्या तयार होईना. "बाई, तुमच्यासारखं समजावून आम्हाला नाही सांगता येत," सर्जन म्हणाला. त्याने याहून जास्त काही मागितले नाही.

मी पचनसंस्थेचा तक्ता घेऊन रुग्णालयात गेले. बहीण सोबत होती, ती दाराशी थांबली. मी पलंगाशेजारी बसून अन्न कुठून कुठे जाते, मोठे आतडे पाणी कसे शोषते, सगळे सांगितले. चालकाने शेवटपर्यंत नीट ऐकले.

"छान सांगता," तो म्हणाला. "पण बाई, केबिनमध्ये क्लीनर माझ्या बाजूला बसतो. वास आला की तो दुसरी गाडी बघणार. त्यापेक्षा मेलेलं बरं."

"पिशवी नीट बसवली तर वास येत नाही."

"तुम्हाला काय ठाऊक? पुस्तकातलं सांगताय."

"मघापासून मी तुमच्या बाजूला बसले आहे," मी म्हटले. "आला वास?"

त्याला कळेना. तेव्हा मी पोटावरचा कपडा वर केला.

तो पाहत राहिला. "हे आत्तासुद्धा चालू आहे?"

"आत्तासुद्धा."

"असं बसल्या बसल्या?"

"मला न विचारता."

तो हसला. दुसऱ्या दिवशी त्याने संमतीपत्रावर सही केली. तो आता बरा होत आहे.

परतताना टॅक्सीत बहीण बाहेर बघत होती. "इतके दिवस मी दाराबाहेर उभी राहिले," ती म्हणाली. "आणि त्या माणसाला, ओळख ना देख, दाखवलंस."

"त्याला गरज होती."

"आणि मला नव्हती?"

घरी येऊन मी कडी काढली. त्या संध्याकाळी पिशवी तिने बदलली. "दुखतं का गं याला?" तिने विचारले.

"नाही. हात लावला तरी तिथे कळत नाही."

"मग तू दचकतेस का?"



४. म्हणून माझा देह आता आमच्याच महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाला द्यावा. त्या विभागाच्या प्रमुखांशी माझे कोपऱ्यातल्या खोलीवरून जन्मभर वाजले. ते म्हणायचे, "तुमच्या मुलांना अवयव चालतो कसा ते माहीत, असतो कुठे ते माहीत नाही." मी म्हणायची, "तुम्हाला माणूस गप्प झाल्यावरच समजतो." खोली त्यांनी घेतली, आता मलाही घ्यावे. अट एकच. विद्यार्थ्यांना माझा विषय सांगावा आणि आजारही सांगावा. पोटावरचे तोंड शिवून टाकू नये.

५. मात्र मेलेले आतडे हलत नाही, आणि माझ्या विभागाला हलणारेच लागते. हे तोंड ओले असते, गालाच्या आतल्या बाजूसारखे तांबडे. जेवणानंतर ते आपोआप आकसते आणि सैल होते. हे मी वर्षानुवर्षे नुसते हातवारे करून शिकवले. येत्या सोमवारी पहिल्या वर्षाच्या वर्गासमोर मी जेवून जाणार आहे आणि पिशवी काढून त्यांना ते पाहू देणार आहे.

वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्राने जिवंतपणी काही देता येत नाही. हे कलम खोडा." मी खोडलेले नाही. लिहून ठेवले नाही तर भाचीच्या लग्नाला गुडघे दुखले तसे सोमवारी सकाळी माझे डोके दुखू लागेल, हे मला पक्के ठाऊक आहे. लाज गेलेली नाही. हे लिहिताना कान तापले आहेत.

बहिणीने विचारले, "पोरं हसली तर?"

हसू द्यावीत. त्यांचे वयच तसे आहे. ती गप्प होईपर्यंत मी थांबेन, आणि मग म्हणेन, जवळ या, आता हलेल.

स्थळ : राहते घर, रस्त्याकडची खोली.
दिनांक : आजचा, सहीखाली हाताने घातला आहे.

(सही)

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली :
१. सर्जन, लिहून देणारीचा विद्यार्थी. बुद्धी ठिकाणावर असल्याचे तपासून सही केली. (सही)
२. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी. (सही)

बहिणीला घर मिळत असल्याने तिला साक्षीला घेतलेले नाही.